जुन्या मनगटी घड्याळांची जलरोधकता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे मुख्यतः १९३० ते १९८० या काळात बनलेल्या यांत्रिक मनगटी घड्याळांचा विचार केला आहे. घड्याळाच्या कडेची जी गोल मूठ फिरवून चावी देतात आणि ओढून काटे लावतात तिला 'क्राउन', बाहेरच्या धातूच्या पेटीला 'केस', आतल्या यंत्राला 'मशीन' आणि सांधा बंद करणाऱ्या मऊ कडीला 'गॅस्केट' म्हटले आहे, कारण दुरुस्तीच्या टेबलावर हेच शब्द ऐकू येतात.

माझ्या घड्याळाच्या झाकणावर 'वॉटरप्रूफ' असे कोरलेले आहे. ते घालून पोहता येईल का?

नाही. ते अलीकडे उघडून, सगळी गॅस्केटे बदलून आणि दाबाखाली तपासून घेतलेले नसेल, तर हात धुतानाही ते काढून ठेवावे. 'वॉटरप्रूफ' ही अक्षरे धातूवर कोरलेली असतात आणि साठ वर्षांनीही ती ठळक दिसतात; पाणी अडवण्याचे काम मात्र दोन-तीन मऊ कड्यांकडे असते आणि त्यांचे आयुष्य काही वर्षांचेच असते. घड्याळ कारखान्यातून बाहेर पडले त्या दिवशी ती अक्षरे खरी होती. आज ती खरी आहेत की नाही, हे फक्त चाचणी सांगू शकते, आणि तेही त्या दिवसापुरतेच.

मग उत्पादक असे का लिहीत असत? तो दावा खोटा होता का?

खोटा नव्हता, पण त्या शब्दाचा अर्थ तेव्हा आजच्याइतका बांधलेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बारा कारखान्यांनी ब्रिटिश सैन्याला पुरवलेल्या घड्याळांच्या झाकणावर 'डब्ल्यू. डब्ल्यू. डब्ल्यू.' ही तीन अक्षरे आढळतात. त्यांचा विस्तार 'वॉच, रिस्ट, वॉटरप्रूफ' असा आहे, म्हणजे मनगटावरचे जलरोधक घड्याळ. त्या सैनिकाला पाण्याखाली जायचे नव्हते. पाऊस, चिखल, घाम आणि ओढा ओलांडताना उडणारे पाणी यांतून घड्याळ वाचणे एवढीच अपेक्षा होती, आणि ती रास्त होती.

पुढे हा शब्द जाहिरातींत सढळपणे वापरला जाऊ लागला. कोणतीही वस्तू पाण्यापासून पूर्णपणे आणि कायमची सुरक्षित असू शकत नाही, या कारणाने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या हितासाठी व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) १९६० च्या दशकात त्यावर आक्षेप घेतला आणि हळूहळू 'वॉटर रेझिस्टंट' हा मवाळ शब्द रूढ झाला. जपानी घड्याळांच्या तबकड्यांवर १९७० च्या सुमारास 'वॉटरप्रूफ' जाऊन 'वॉटर रेझिस्ट' आलेले दिसते, त्यामुळे घड्याळाचे साल ठरवतानाही संग्राहकांना या शब्दाची मदत होते. रोजच्या वापराच्या घड्याळांसाठी आयएसओ २२८१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९० मध्ये आले आणि २०१० मध्ये त्याची जागा आयएसओ २२८१० ने घेतली. म्हणून १९६५ सालच्या तबकडीवरचा आकडा आजच्या मानकाच्या चौकटीत वाचता येत नाही. तो त्या कारखान्याच्या स्वतःच्या पद्धतीने ठरलेला असतो.

पाणी नेमके कुठून शिरते?

केसमध्ये साधारणपणे तीन सांधे असतात : मागचे झाकण, काच आणि क्राउन. यांपैकी पहिले दोन स्थिर असतात, तिसरा रोज हलतो, आणि बहुतेक वेळा दोषी तोच ठरतो.

क्राउनच्या पोटात एक लहान गॅस्केट असते आणि ते केसच्या कडेत बसवलेल्या बारीक नळीला घट्ट धरून राहते. हाताने चावी देण्याच्या घड्याळात क्राउन दररोज कित्येक वेळा फिरवला जातो. वर्षामागून वर्षे हे घर्षण चालू राहिले की गॅस्केट झिजते आणि नळीची बाहेरची भिंतही झिजते. नवे गॅस्केट बसवूनही घड्याळ गळत राहते, तेव्हा बहुधा ही झिजलेली नळीच कारण असते, आणि नेमकी तीच तपासायची राहून जाते. शिवाय अनेक जुन्या क्राउनांमधले गॅस्केट आत दाबून कायमचे बसवलेले असते. ते बदलायचे म्हणजे बहुतेक वेळा अख्खा क्राउनच बदलावा लागतो. सुट्या भागांत दिसायला सारखे, पण केवळ धुळीपासून संरक्षण देणारे क्राउनही असतात. तसा एखादा पूर्वीच्या दुरुस्तीत बसवला गेला असेल, तर त्या घड्याळाची जलरोधकता त्याच दिवशी संपलेली असते.

काच बहुधा ॲक्रिलिकची असते. ती केसच्या खोबणीत किंचित दाबून बसवतात आणि पुष्कळदा आतून धातूची पातळ कडी घालून तिची भिंत बाहेरच्या बाजूला ताणून धरतात. वेगळे गॅस्केट नसतानाही हा सांधा चांगला टिकतो, पण काचेला कडेशी बारीक तडे गेले किंवा ॲक्रिलिक जुने होऊन आकसले की तो उघडतो. काच बदलताना आकारात एक दशांश मिलिमीटरची चूकही येथे महाग पडते. सैल काच चिकटद्रव्याने बसवण्याची पद्धत पाण्याच्या दृष्टीने भरवशाची नाही.

मागचे झाकण दाबून बसणारे असेल तर त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये, आट्याचे असेल तर परिस्थिती बरी असते. आट्याच्या झाकणातही गॅस्केट ज्या कडेवर टेकते ती कडा सपाट आणि गुळगुळीत हवी. घाम व मीठ गॅस्केटखाली अडकून राहिले की पोलादालाही तिथे बारीक खड्डे पडतात. क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळी केसमध्ये हे अधिक लवकर घडते. असे खड्डे पडलेल्या कडेवर नवे गॅस्केट बसवले, तरी पाण्याला वाट राहतेच.

काही केसना मागचे झाकण नसते. मशीन पुढून, काच काढून बाहेर काढावे लागते. एक सांधा कमी असल्याने या केस चांगल्या टिकतात, पण त्यांतली क्राउनची दांडी, म्हणजे क्राउनला मशीनशी जोडणारा दांडा, बहुधा दोन तुकड्यांची असते. ते न ओळखता जोर लावला तर नुकसान होते.

रबराच्या गॅस्केटचे वय झाले म्हणजे नेमके काय होते?

दोन प्रकार दिसतात. काही गॅस्केटे कडक होऊन ठिसूळ होतात आणि झाकण उघडताच त्यांचे तुकडे पडतात. काही उलट मऊ होऊन डांबरासारखी काळी, चिकट होतात आणि झाकणाच्या खोबणीत व कधी कधी मशीनच्या कडेवरही पसरतात. मी उघडलेल्या १९६० च्या दशकातल्या घड्याळांत हा दुसरा प्रकार अनेकदा पाहिला आहे, आणि लाकडाच्या टोकदार काडीने तो खरवडून काढायला गॅस्केट बदलण्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. धातूच्या टोकाने खरवडू नये, कारण त्याचा ओरखडा उमटतो आणि तोच पुढे पाण्याची वाट होतो.

प्राणवायू, ओझोन, उष्णता, घामातली आम्ले आणि त्वचेवरची तेले ही रबराच्या ऱ्हासाची मुख्य कारणे आहेत. यांशिवाय, दाबून धरलेले रबर काही वर्षांनी त्याच दबलेल्या आकारात कायमचे राहते. ते वर उसळून सांधा भरण्याचे थांबले की वरवर धडधाकट दिसणारे गॅस्केटही निकामी झालेले असते. म्हणून घड्याळ कपाटात पडून राहिले असले तरी ही प्रक्रिया थांबत नाही. 'एकदाही न वापरलेले' म्हणून विकले जाणारे पन्नास वर्षांपूर्वीचे घड्याळ जलरोधकतेच्या दृष्टीने पन्नास वर्षांचेच असते.

रबराच्या कड्या रूढ होण्यापूर्वी पाणी कशाने अडवत?

हा इतिहास थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण हातातले घड्याळ कोणत्या पद्धतीचे आहे यावर त्याची देखभाल अवलंबून असते.

रोलेक्सने १९२६ मध्ये 'ऑयस्टर' केस आणली. तिचे झाकण, काचेभोवतीचे कडे आणि क्राउन हे तिन्ही आट्यांनी घट्ट बसत. ब्रिटिश जलतरणपटू मर्सिडीज ग्लाइट्झ यांनी ७ ऑक्टोबर १९२७ रोजी इंग्लिश खाडी पोहून पार केली, पण त्यांच्या यशाविषयी शंका घेतली गेल्याने २१ ऑक्टोबरला त्या पुन्हा पाण्यात उतरल्या. त्या वेळी त्यांच्या गळ्यात ऑयस्टर घड्याळ होते. थंडीमुळे त्यांना हा दुसरा प्रयत्न अर्धवट सोडावा लागला, घड्याळ मात्र दहा तासांहून अधिक काळ पाण्यात राहूनही चालत होते. त्याची जाहिरात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'डेली मेल' या ब्रिटिश वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर झळकली.

ओमेगाने १९३२ च्या 'मरीन' घड्याळात वेगळा विचार केला. त्यांनी एक केस दुसऱ्या केसमध्ये सरकवून बंद केली, त्यामुळे क्राउन पूर्णपणे आत राहिला आणि सर्वांत कच्चा सांधा पाण्याच्या संपर्कातच आला नाही. १९३६ मध्ये ही घड्याळे जिनिव्हाच्या सरोवरात ७३ मीटर खोल उतरवून पाहिली गेली. तिसरी पद्धत बुचाची (कॉर्कची) होती. जिनिव्हाच्या टॉबर्ट या केस बनवणाऱ्यांनी क्राउनच्या दांडीभोवती बूच बसवले, मिडो या घड्याळ कंपनीनेही बुचाचाच आधार घेतला, आणि यातली कित्येक घड्याळे त्या काळी उत्तम चालली. आज मात्र ते बूच सुकलेले असते. झाकणाखाली शिशाच्या कड्याही वापरत. शिसे मऊ असल्याने दाबाखाली सांध्याचा आकार घेते, पण एकदा चेपले की परत उसळत नाही, त्यामुळे झाकण पुन्हा उघडताना ती कडी बदलणेच योग्य असते.

गोल छेदाच्या रबरी कडीचे, म्हणजे 'ओ-रिंग'चे, अमेरिकन पेटंट नील्स क्रिस्टेन्सन यांना १९३९ मध्ये मिळाले. युद्धकाळात ती यंत्रसामग्रीत सर्वत्र पसरली आणि १९४८ च्या ओमेगा 'सीमास्टर'मध्ये घड्याळाच्या सांध्यावर आली. तिच्यामुळे साध्या, रोजच्या वापराच्या घड्याळांनाही भरवशाचे संरक्षण मिळू लागले. सिटिझनने १९५९ मध्ये 'पॅरावॉटर' आणले आणि पुढे १९६३ मध्ये ही घड्याळे तरंगत्या बोयांना बांधून पॅसिफिक महासागरात सोडली.

तबकडीवर '३० मीटर' लिहिले असेल तर ३० मीटर खोलीपर्यंत जाता येते का?

पाण्यात दर १० मीटरला दाब साधारण १ बारने वाढतो (१ बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा दाब), म्हणून ३० मीटर म्हणजे सुमारे ३ बार. हा आकडा नव्या घड्याळाने प्रयोगशाळेत, स्थिर पाण्यात, ठरावीक वेळ सहन केलेल्या दाबाचा असतो. ३० मिलिमीटर व्यासाच्या काचेवर ३ बार दाबाला सुमारे २२ किलो आणि १० बार दाबाला सुमारे ७२ किलो वजनाइतका भार येतो. चाळीस वर्षांच्या ॲक्रिलिककडून तो पेलण्याची अपेक्षा करण्यापूर्वी हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा.

पोहताना हात हलवल्याने दाब कित्येक पटींनी वाढतो असे म्हणतात. ते खरे आहे का?

हा समज फार पसरलेला आहे, पण गणित त्याला दुजोरा देत नाही. हात पाण्यात सेकंदाला २ मीटर वेगाने फिरला तर त्यामुळे वाढणारा दाब फक्त २० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. १० मीटर उंचीवरून उडी मारली, तर पाण्याला भिडतानाच्या वेगामुळे येणारा प्रवाहाचा दाबही सुमारे १० मीटर खोलीएवढाच असतो. पृष्ठभागावर आपटण्याचा क्षणिक धक्का मात्र याहून मोठा असू शकतो.

मग ३० मीटरच्या जुन्या घड्याळांत उथळ पाण्यातही पाणी का शिरते? माझ्या मते याचे एक दुर्लक्षित कारण तापमान आहे. उन्हात ४५ अंशांपर्यंत तापलेले घड्याळ २० अंशांच्या पाण्यात बुडवले की आतली हवा आकसते आणि आतला दाब सुमारे ८ टक्क्यांनी घटतो. हा फरक पाऊण मीटरहून अधिक खोल पाण्याच्या दाबाइतका असतो, म्हणजे हाताच्या हालचालीने येणाऱ्या दाबापेक्षा बराच जास्त, आणि तो पाणी आत ओढतो. त्याच वेळी ॲक्रिलिक पोलादाच्या चौपटीहून अधिक आकसते. ३० मिलिमीटरच्या काचेत २५ अंशांच्या फरकाने दोघांच्या आकारांत चार शतांश मिलिमीटरचे अंतर पडते. घट्ट बसलेल्या नव्या काचेला याचे काही वाटत नाही, सैल झालेल्या जुन्या काचेला पुष्कळ वाटते.

गरम पाण्याने आंघोळ करताना घड्याळ घातले तर काय होते?

गरम पाणी आणि वाफ गॅस्केट मऊ करतात, तर साबण पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून कमी करतो. साधे पाणी ज्या अतिबारीक फटीत सहज शिरत नाही, तिथे साबणाचे पाणी झिरपते. त्यानंतर थंड हवेत आल्यावर वर सांगितलेले आकसणे घडतेच. कितीही उत्तम तपासणी झालेली असली तरी जुन्या घड्याळासाठी हा प्रसंग टाळावा.

डायव्हिंगसाठी बनवलेली जुनी घड्याळे तरी सुरक्षित असतात ना?

त्यांची घडण निश्चितच भक्कम असते. १९५३ मध्ये ब्लाँपॅंचे 'फिफ्टी फॅदम्स' आले, ज्याच्या नावातल्या पन्नास फॅदमचे सुमारे ९१ मीटर होतात, आणि त्याच सुमारास रोलेक्सचे १०० मीटरचे 'सबमरिनर' आले. सैकोचे १५० मीटरचे पहिले डायव्हिंग घड्याळ १९६५ चे आहे. जाड केस, मोठी गॅस्केटे आणि आट्यांचा किंवा दुहेरी कड्यांचा क्राउन ही त्यांची बलस्थाने होती. पण यांतली बरीच घड्याळे खरोखर समुद्रात वापरली गेलेली असतात, त्यामुळे मिठाने पोखरलेल्या कडा याच घड्याळांत अधिक सापडतात. गॅस्केट जुने असेल तर डायव्हिंगचे घड्याळ आणि साधे घड्याळ यांत पाण्याच्या दृष्टीने फारसे अंतर उरत नाही.

एका जातीविषयी वेगळे सांगायला हवे. एर्व्हिन पिकरे यांच्या कारखान्यातल्या 'कंप्रेसर' आणि 'सुपर कंप्रेसर' केसमध्ये झाकण स्प्रिंगच्या आधाराने बसते. पाण्याचा दाब वाढेल तसे झाकण आत दाबले जाऊन गॅस्केट अधिक घट्ट होते, आणि पृष्ठभागावर असताना त्यावर ताण कमी राहिल्याने ते जास्त टिकते. ही कल्पना फार सुंदर आहे. तिची दुसरी बाजू अशी, की उथळ पाण्यात झाकणाला बाहेरच्या दाबाची मदत जवळजवळ मिळत नाही, म्हणून कडक झालेल्या गॅस्केटसह असे घड्याळ हौदाच्या काठावरच गळू शकते.

आट्यांचा क्राउन घट्ट बंद केला की पुरे ना?

आटे क्राउनला जागेवर धरून ठेवतात, पाणी अडवण्याचे मुख्य काम आतले गॅस्केट करते. झिजलेले आटे जोराने आवळले तर ते घसरतात आणि नळी कायमची बिघडते. क्राउन शेवटी टेकल्याचे बोटांना जाणवले की थांबावे. स्वयंचलित घड्याळात, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळात, क्राउन क्वचितच उघडावा लागतो, आणि ऑयस्टरमध्ये १९३१ साली स्वयंचलित मशीन आल्यावर केसलाही याचा मोठा फायदा झाला.

क्रोनोग्राफची, म्हणजे वेळ मोजण्यासाठी सुरू-बंद करता येणाऱ्या काट्याच्या घड्याळाची, बटणे पाण्यात दाबली तर चालतात का?

नाही. जुन्या क्रोनोग्राफची बहुतेक बटणे पाण्यासाठी बनवलेली नसतात, आणि दाबताना त्यांची दांडी सरळ आत जाते. अशा घड्याळाला पाऊसही लागू देऊ नये.

काचेखाली धुके दिसते आणि काही वेळाने जाते. हे गंभीर आहे का?

होय, ते दुसऱ्यांदा दिसले तर नक्कीच. घड्याळातली मोकळी जागा साधारण २ घन सेंटिमीटर धरली, तर ३० अंशांवरची पूर्ण दमट हवाही तिथे फक्त ६० मायक्रोग्रॅम बाष्प ठेवू शकते. एका थेंबात याच्या शेकडो पट पाणी असते. दमट दिवशी घड्याळ उघडून बंद केले असेल तर थंडीत एखाद्या वेळी पुसटसा पडदा दिसू शकतो, परंतु वारंवार येणारे धुके किंवा काचेवर दिसणारे थेंब म्हणजे पाणी आत शिरलेले आहे. धुके निघून गेले तरी पाणी बाहेर गेलेले नसते; ते ऊब मिळाल्याने हवेत मिसळलेले असते आणि पोलादी भागांवर आपले काम करतच असते. माझ्या एका घड्याळात असे धुके मी महिनाभर 'आपोआप जाते' म्हणून सोडून दिले होते. उघडले तेव्हा क्राउनची दांडी आणि तिच्याजवळची दोन चाके तांबूस झाली होती, आणि ते दुःख मला अजून आहे.

पाणी शिरलेच तर लगेच काय करावे?

घड्याळ काढून पुसावे आणि शक्य तितक्या लवकर, त्याच दिवशी, घड्याळजीकडे न्यावे. गंज काही तासांत धरू लागतो. तांदळात ठेवणे, दिव्याखाली किंवा हीटरवर ठेवणे हे उपाय टाळावेत. बंद केसमधले पाणी तांदळापर्यंत पोहोचत नाही, आणि उष्णतेने त्याची वाफ होऊन ते आणखी आतल्या फटींत बसते, शिवाय तबकडीवरचा लाखेचा थर उचलला जातो. मशीन अल्कोहोलमध्ये बुडवण्याचा सल्लाही काही जण देतात. मशीनच्या पॅलेट आणि बॅलन्स या नाजूक भागांवरचे बारीक खडे शेलॅकने (लाखेपासूनच्या चिकटद्रव्याने) चिकटवलेले असतात आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे हा प्रयोग घरी करू नये.

समुद्राचे पाणी असेल तर तातडी कितीतरी पट वाढते. त्या दिवशी मशीन पूर्ण सुटे करून धुतले गेले तर ते वाचू शकते, आठवड्याने बहुधा वाचत नाही. घड्याळ चालू आहे म्हणून थांबू नये.

चाचणी कशी करतात? जुन्या घड्याळाला तिचा धोका असतो का?

कोरड्या चाचणीत घड्याळ हवाबंद कोठडीत ठेवून हवेचा दाब वाढवतात किंवा कमी करतात, आणि केस किती आकसते वा फुगते हे संवेदक मोजतो. हवा आत-बाहेर होत असेल तर केस हळूहळू मूळ आकाराकडे परतते आणि गळती कळते. यात पाण्याचा संबंधच येत नाही, म्हणून जुन्या घड्याळासाठी प्रथम हीच चाचणी करावी. ओल्या चाचणीत घड्याळ पाण्याच्या वरच्या हवेत काही मिनिटे दाबाखाली ठेवतात, मग पाण्यात उतरवून दाब हळूहळू सोडतात. सांधा उघडा असेल तर आत गेलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते आणि दोषाची नेमकी जागा दिसते. बुडबुडे दिसताच, दाब पूर्ण उतरण्यापूर्वी, घड्याळ पाण्याबाहेर घ्यावे लागते, नाहीतर चाचणीच पाणी आत घालते. ही चाचणी मशीन बाहेर काढून, रिकाम्या केसवर करणे सर्वांत शहाणपणाचे आहे.

दाबाचा आकडाही विचाराने निवडावा. तबकडीवर १०० मीटर लिहिले आहे म्हणून जुन्या ॲक्रिलिकवर पूर्ण १० बार दाब देण्याचा आग्रह धरू नये. बहुतेक मालकांना पाऊस आणि हात धुणे यांपुरतीच खात्री हवी असते आणि तिच्यासाठी १ ते ३ बार दाब पुरतो.

घरी वाटीभर पाण्यात बुडवून पाहिले तर चालेल का?

चालणार नाही. गळती असेल तर उत्तर घड्याळ खराब होऊन मिळेल. दमटपणा आत आहे का, एवढेच पाहायचे असेल तर घड्याळ हाताच्या उबेइतके किंवा थोडे अधिक, सुमारे ४० अंश, गरम होऊ द्यावे, काचेवर थंड पाण्याचा एक थेंब ठेवावा आणि मिनिटभराने तो पुसून काचेच्या आतल्या बाजूस धुके धरले आहे का ते पाहावे. प्रयोगशाळांतही मोठ्या चाचणीनंतर हीच पद्धत वापरतात. काचेच्या आतले थेंबाएवढे धुके आत पाणी असल्याचे सांगते. धुके न दिसणे म्हणजे सांधे घट्ट आहेत, असा निष्कर्ष मात्र काढू नये.

जुने घड्याळ पुन्हा जलरोधक करता येते का, आणि त्यासाठी मूळ भाग बदलावेत का?

पुष्कळदा करता येते. झाकणाचे गॅस्केट, क्राउन, गरज पडल्यास नळी आणि काच बदलली, कडा स्वच्छ आणि अखंड असल्या, तर साठ वर्षांची केस दाब उत्तम धरते. नायट्राइल रबराची गॅस्केटे बहुतेक कामांना योग्य असतात. त्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. सिलिकॉनच्या गॅस्केटला मात्र तेच ग्रीस लावू नये, कारण त्याने ते फुगते. केसला पॉलिश करताना झाकणाची आणि काचेची बैठक घासली जाणार नाही याची स्पष्ट सूचना द्यावी.

मूळ भागांचा प्रश्न अवघड आहे आणि त्यावर माझे मत ठाम आहे. मूळ क्राउनवर कारखान्याचे चिन्ह असेल आणि तो गळत असेल, तर तो काढून जपून ठेवावा आणि घालण्यासाठी दुसरा बसवावा. पण तो बदलायचा नसेल, तर घड्याळ कोरडे वापरायचे असे ठरवून टाकावे. मूळ क्राउन ठेवून पाण्यातही जाण्याचा मधला मार्ग तबकडीला महागात पडतो, आणि पाण्याने डागाळलेली तबकडी मूळ रूपात परत आणता येत नाही.

अंधारात चमकणारा, किरणोत्सर्गी रेडियमचा लेप असलेल्या तबकडीचे घड्याळ उघडताना आणखी काळजी लागते. ओल्या होऊन सुकलेल्या लेपाचा भुगा होतो, रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे असल्याने तो आजही तितकाच सक्रिय असतो, आणि श्वासावाटे आत जाणे टाळलेच पाहिजे. असे घड्याळ घरी उघडू नये.

खरेदी करताना पाण्याच्या खुणा कशा ओळखाव्यात?

तबकडीच्या कडेला, विशेषतः क्राउनच्या बाजूला, तपकिरी डाग किंवा उचललेला रंग आहे का ते पाहावे. काट्यांवरचे गंजाचे ठिपके, लेपातला काळसरपणा आणि क्राउन ओढताना येणारी खरखर यांची नोंद घ्यावी. झाकणाच्या आतल्या बाजूचे छायाचित्र मागावे; मशीनचे छायाचित्र विक्रेते आनंदाने देतात, पण पाण्याचा इतिहास झाकणाच्या कडेवर लिहिलेला असतो. केस आणि झाकण यांच्यामधल्या रेषेत खड्डे दिसत असतील तर त्या घड्याळाची किंमत कोरड्या वापराचे घड्याळ म्हणूनच करावी.

घड्याळजीकडे देताना काय सांगावे?

'जलरोधक करून द्या' एवढे म्हणणे पुरेसे नाही. झाकण, क्राउन आणि काच या तिन्ही सांध्यांचे काय केले, कोणते भाग बदलले, चाचणी कोरडी की ओली, किती बारवर आणि कोणत्या तारखेला केली, हे लिहून मागावे आणि काढलेले जुने भाग परत घ्यावेत. तो कागद घड्याळासोबत ठेवावा. घड्याळ पाण्याजवळ वापरणार असाल तर चाचणी दर वर्षी करून घ्यावी; आणि मधल्या काळात घड्याळ पडले, काचेवर आदळले किंवा कोणत्याही कारणाने उघडले गेले, तर आधीचा कागद रद्द समजून पुन्हा चाचणी करावी.